छाटले की तोडले?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आम्ही अकोट तालुक्यातल्या शाळेत शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या इंग्रजीच्या गुरुजींना शब्दांच्या जोड्या लावण्याचा फार नाद होता. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘कट’ हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली त्याची भावंडे मांडली. चॉप, स्लाइस, ह्यू, लॉप, फेल, रीप, मो, शिअर. ‘या सगळ्यांचा अर्थ कापणे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही,’ असे सांगून त्यांनी प्रत्येकाचे एकेक वाक्य घालून दिले. आम्ही मुले चकित झालो. साहेबाने एवढ्याशा कामासाठी इतके शब्द ठेवले, म्हणजे साहेब फारच बारकाईचा माणूस असला पाहिजे, असे आम्हांला वाटले.

घरी येऊन ही थोरवी मी आजीला ऐकवली. ती विळीवर वांगी चिरत बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘अन् आपल्यात किती हायेत, ते मोजले काय रे बाबू?’

मोजले नव्हते. आजही पुरते मोजून झालेले नाहीत. स्वयंपाकघरातूनच सुरुवात करा. भाजी चिरायची, सुपारी कातरायची, बोकड कापायचा, नारळ फोडायचा, आणि तो देवापुढे असेल तर वाढवायचा. केस कापतात, पण लेकराचे जावळ काढतात. नखेसुद्धा काढतात. कापड फाडायचे असते किंवा बेतायचे असते. पावती फाडतात, नाव खोडतात, पगार कापतात. माणसे मात्र तोडतात. परक्या माणसाने मराठी शिकताना ‘मी बाळाचे जावळ तोडले’ असे म्हटले तर अर्थ कळेल, पण घरातल्या बायका देवाचे नाव घेतील.

स्वयंपाकघरातून शेतात या. आमच्या वऱ्हाडात ज्वारी, गहू, तूर आणि आता सोयाबीन ही सगळी पिके सोंगतात. बाहेरच्या माणसाला ‘सोंगणे’ म्हटले की सोंगाड्या आठवतो. आम्हांला सोंगणीची मजुरी आठवते. हातात विळा घ्यायचा, म्हणजे आमच्या बोलीतला ‘इया’, पिकाची मूठ धरायची आणि बुडाशी ओढायचा, ही सोंगणी. ज्वारी सोंगून आडवी पडली की तिची कणसे खुडायची. मग मागे उरतो तो कडबा. गवत सोंगत नाहीत, ते कापतात. मुगाच्या शेंगा तोडतात, विड्याची पाने खुडतात. मोर्शी-वरुडकडे संत्रा तोडतात, आणि बहार धरण्याआधी झाडातल्या वाळलेल्या काड्या काढतात त्याला ‘सल काढणे’ म्हणतात. गुरुजींच्या ‘रीप’ आणि ‘मो’ या दोन शब्दांत जो फरक होता, म्हणजे एक पिकासाठी आणि दुसरा गवतासाठी, तो आमच्या सोंगणे आणि कापणे यांत जसाच्या तसा आहे. शाळेत तेवढे कुणी सांगितले नाही.

आणि ज्या पिकावर अमरावती-अकोला उभे राहिले त्या कापसाच्या नावात ‘काप’ असला तरी कापूस कुणी कापत नाही. तो वेचतात. कापूस हा शब्द संस्कृतातल्या कार्पासावरून आलेला. कापण्याशी त्याचे काही नाते नाही. वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी, आणि तीही बहुधा उपटतात.

हे सगळे गमतीचे. पण शब्दातला फरक एखाद्याच्या खिशाला आणि अब्रूला कसा भिडतो, ते मी १९७४ च्या सुमारास पाहिले.

माझ्या मामांचे शेत सातपुड्याच्या पायथ्याला, राखीव जंगलाच्या हद्दीला लागून होते. कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून त्यांनी हद्दीच्या आत असलेल्या धावड्याची एक फांदी आणली. धावड्याचे लाकूड चिवट, दांड्याला त्याच्यासारखे दुसरे नाही. कुणीतरी पाहिले, कुणीतरी सांगितले आणि पंचनामा झाला. कागदावर लिहिले होते, ‘धावड्याचे झाड तोडले.’ मामांना वाचता येत नव्हते. सही करण्याआधी त्यांनी मला वाचायला सांगितले. मी वाचले तसे ते ताडकन उठले.

‘झाड नाई तोडलं सायेब. फांदी छाटली. झाड उभंच हाये, चाला दाखवतो.’

लिहिणारा कारकून म्हणाला, एकच ते. मामा म्हणाले, एक कसे? हात मोडणे आणि माणूस मारणे एक काय? तासभर वाद चालला. दंड भरायला मामा पहिल्यापासून तयार होते. फांदी आणली हे त्यांनी नाकारलेच नव्हते. त्यांचा हट्ट एवढाच होता की शब्द बदला. शेवटी कारकुनाने ‘झाड तोडले’ खोडून ‘फांदी छाटली’ असे लिहिले, खोडल्याच्या बाजूला सही केली, आणि मग मामांनी अंगठा उठवला. परतताना ते हसून म्हणाले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, मले तर तो मलेच काळ झाला.

पुढे वकिली शिकताना मी तो कायदा उघडला, तेव्हा माझ्या लक्षात आले की मामा कायद्याच्या भाषेतच बोलत होते. भारतीय वन कायदा १९२७ चा. त्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात काय करू नये याची यादी आहे. तीत झाडाबद्दल इंग्रजीत ओळीने शब्द येतात, फेल, गर्डल, लॉप. मग जाळणे, आणि मग साल किंवा पाने ओरबाडणे. ३३ व्या कलमात संरक्षित जंगलातल्या राखलेल्या झाडांसाठी याच यादीत ‘टॅप’ची भर पडते. कायदा लिहिणाऱ्याला एकट्या ‘कट’वर भागवता आले नाही. का, ते पाहण्यासारखे आहे.

‘फेल’ म्हणजे झाड आडवे करणे. हा शब्द इंग्रजीतल्या ‘फॉल’चे, म्हणजे पडण्याचे, प्रयोजक रूप आहे. आपण पडणे-पाडणे म्हणतो, तीच जोडी. म्हणून ‘फेल’ला खरा मराठी शब्द तोडणे नव्हे, पाडणे. ‘लॉप’ म्हणजे फांद्या छाटणे. झाड उभे राहते, मामा म्हणत होते तसे. ‘टॅप’ म्हणजे खाच पाडून डिंक किंवा रस काढणे. आणि ‘गर्डल’ म्हणजे खोडाभोवती सालीचे कडे काढून टाकणे. यात झाड लगेच पडत नाही. उभ्याउभ्या वाळते. बाहेरून पाहणाऱ्याला कुऱ्हाडीचा मोठा घाव दिसत नाही, पण झाड मेलेले असते. हा शब्द आपल्याकडच्या जंगलाच्या कायद्यात शिरला त्यामागे ब्रह्मदेशाचे साग आहेत. ओले साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून तिकडे झाडाला आधी कडे काढून काही वर्षे उभे वाळू द्यायचे, मग पाडायचे आणि नदीत सोडायचे, अशी रीत होती. १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ त्याआधी ब्रह्मदेशाच्या सागवनातच काम करून आले होते. १८६५ चा पहिला वन कायदा आणि १८७८ चा दुसरा याच मंडळींच्या काळातला.

या माणसांना झाडाचे बारकावे कळत होते यात शंका नाही. पण कायद्याने हे शब्द वेगळे केले आणि शिक्षा मात्र एकच ठेवली. मूळ कायद्यात फांदी छाटा की झाड पाडा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फरक पडतो तो नुकसानभरपाईत, कारण ती नुकसान किती झाले यावर ठरायची. आणि तडजोडीने प्रकरण मिटवताना कागदावर कोणता शब्द आहे यावर बरेच अवलंबून असते. मामांना यातले काही माहीत नव्हते. त्यांच्यापुरता प्रश्न एवढाच होता, की न केलेला गुन्हा आपल्या नावावर चढू नये.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीच्या हवाली केला. त्यानंतर दहा वर्षे होत नाहीत तोच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, वऱ्हाडी कापसाचे भाव चढले, पडीक जमिनी पाळीखाली आल्या. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरपर्यंत पोचलेली होती. खाली मैदानात एकीकडे रान मोडून शेत होत होते, आणि वर मेळघाटात १८६० च्या दशकात सागाचे जंगल राखायला सुरुवात झाली. या राखण्याचा अर्थ न तोडणे असा नव्हता. सरकारने ठरवल्याप्रमाणे, सरकारने आखलेल्या जागी तोडणे असा होता.

त्या आखलेल्या जागेला आमच्याकडे ‘कूप’ म्हणतात. धारणी-चिखलदऱ्याकडे कुणालाही विचारा, यंदाचा कूप कुठे, कूपावर मजुरी काय, असे सहज बोलतात. पुष्कळांना तो मराठी शब्द वाटतो. काहींना विहिरीच्या कूपाची आठवण होते. तो शब्द फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये कापण्याला ‘कूपे’ म्हणतात, आणि ‘कूप’ म्हणजे कापणी, एका वर्षात तोडायचा जंगलाचा तुकडा. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला आणि कोरकू मजुरांच्या तोंडी दिला. झाड बुडाशी तोडून खुंटाला पुन्हा धुमारे फुटू द्यायचे, या पद्धतीला इंग्रजीत ‘कॉपिस’ म्हणतात, तोही याच कुळातला. आणि रेशनच्या दुकानात आपण जे कुपन दाखवत होतो, तेदेखील मूळचे ‘कापलेला तुकडा’च. मेळघाटातला माणूस कूपावर राबून कुपनावर धान्य आणायचा, तेव्हा दोन्हीकडे एकाच फ्रेंच क्रियापदाचे खात होता!

पण कापण्याच्या शब्दावरून वऱ्हाडात खरा इतिहास घडला तो १९३० साली.

गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात काय करायचे, हा प्रश्न होता. अकोला जिल्ह्यात त्याला एक उत्तर होते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. तिथल्या विहिरींचे पाणी खारे. दहीहांड्याला त्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. पण मिठाची विहीर गावोगावी नसते. गवत मात्र असते, आणि सरकारी गवताला हात लावायचा नाही, गुरे चारायची तर पैसे भरायचे, हे दुखणेही गावोगावी होते. म्हणून जंगल सत्याग्रहाची कल्पना पुढे आली. यवतमाळचे वकील माधव श्रीहरी अणे, आपले लोकनायक बापूजी अणे, यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापले. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. मग हे लोण वऱ्हाडभर आणि पुढे मध्यप्रांतात, मुंबई इलाख्यात पसरले. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहातच गोळीबार होऊन माणसे मेली.

जुलैची दहा तारीख म्हणजे आषाढ. आमच्याकडे तेव्हा गवत ते केवढे असणार? कोवळे, पोटरीइतके. त्याची पेंढी बांधून बाजारात नेली तर कुणी फुकट घेणार नाही. ते कापले ते बैलासाठी नव्हे हे उघड आहे. पण गवतच का निवडले, झाड का नाही? मला वाटते, यात शहाणपण होते. झाड पाडले तर उद्या शेतकऱ्याचीच सावली जाते. गवत आठ दिवसांत पुन्हा येते. आणि ज्याला कापले तरी नुकसान नाही, ते कापल्याबद्दल सरकार कैदेत टाकते, हे दाखवायला गवताइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. सोंगणारे हात आणि घरातला विळा, एवढीच सामग्री.

वकील म्हणून मला जास्त रस वाटतो तो सरकारच्या अडचणीत. वन कायद्याच्या २६ व्या कलमात झाडाच्या कापण्यासाठी एवढे शब्द, पण गवताच्या कापण्याला एकही नाही! गवत तिथे येते ते ‘वनोपज’ या मोठ्या गाठोड्यात; वनोपज गोळा करणे किंवा हलवणे हा गुन्हा. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या सत्याग्रहींवर दंड विधानातले चोरीचे ३७९ कलमही लावले गेले. चोरी म्हटली की आणखी एक कोडे. चोरी फक्त जंगम वस्तूची होते. जमिनीत मुळे रोवून उभे असलेले गवत जंगम नाही. ते जमिनीचाच भाग. मग ते चोरले कसे?

१८६० च्या दंड विधानात याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते. चोरीची व्याख्या सांगणाऱ्या ३७८ व्या कलमाला स्पष्टीकरणे जोडली आहेत. वस्तू जमिनीला जोडलेली आहे तोवर तिची चोरी होऊ शकत नाही. ती जमिनीपासून ‘सेव्हर’ झाली, म्हणजे तुटून वेगळी झाली, की त्या क्षणापासून होऊ शकते. उदाहरण दिले आहे ते दुसऱ्याच्या जमिनीतले झाड पाडण्याचेच. आणि दुसरे स्पष्टीकरण म्हणते, ज्या कृतीने वस्तू तुटली त्याच कृतीने ती हलली, तर ते हलणेही चोरीत मोजता येईल. म्हणजे विळा ओढला, गवत तुटले, तुटताना हलले, झाली चोरी. घरी नेण्याचीही गरज नाही. गुरुजींच्या फळ्यावर ‘सेव्हर’ नव्हता. पण वऱ्हाडातल्या माणसांना तुरुंगात धाडायला तोच कामी आला. अणे संस्कृतचे पंडित होते, टिळकांवर त्यांनी संस्कृत महाकाव्य लिहिले आणि त्याला पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. शब्द कसा फोडावा हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. तरी सत्याग्रहीने शब्दाचा कीस काढून सुटायचे नसते, म्हणून शिक्षा मुकाट्याने घेतली गेली. जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे कलम आता ३०३ झाले. स्पष्टीकरणे मात्र राहिली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने कापण्याचे शब्द वाढवले नाहीत, एकाच शब्दाचे पोट वाढवले. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्राने १९७५ साली कायदा केला. त्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या अशी आहे की जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे तोडण्यातच येते. हेतू चांगला आहे, त्याशिवाय शहरात एक झाड उरले नसते. पण पावसाळ्याआधी विजेच्या तारांखाली फांद्या साफ केल्या की अमरावतीच्या गल्लीत दरवर्षी तेच भांडण ऐकू येते. कर्मचारी म्हणतो छाटले, शेजारी म्हणतो तोडले. दोघेही खरे बोलत असतात. एक बोलीतले बोलतो, दुसरा कायद्यातले.

आणखी एक शब्द नव्वद वर्षे अडकून पडला होता, बांबू. १९२७ च्या कायद्याने झाड कशाला म्हणायचे हे सांगताना ताड, बांबू, खुंट, झुडपे, वेत असे सगळे त्यात घातले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, ज्वारीच्या नात्यातले. पण कायद्याने ते झाड, म्हणून त्याचे कापणे म्हणजे वृक्षतोड. स्वतःच्या धुऱ्यावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यालाही तो कापताना आणि नेताना परवान्याची धास्ती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, आणि सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना तो काढण्या-विकण्याची वाट मोकळी झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. आमच्या अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरलाही २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. मूळ कायद्यातला ‘बांबू’ हा शब्द झाडाच्या व्याख्येतून काढला गेला तो २०१७ च्या नोव्हेंबरातल्या अध्यादेशाने, आणि जानेवारी २०१८ पासून कायद्याने.

परवा मामांच्या नातवाचा फोन आला होता. त्याने धुऱ्यावर बांबू लावले आहेत. विचारत होता, आता तोडायला परवानगी लागते काय? मी म्हटले, तुझ्या शेतातला बांबू कायद्याने आता झाड नाही, त्यामुळे ही वृक्षतोड होत नाही. तरी गाडी रस्त्याला लागण्याआधी सातबारा आणि विक्रीचा कागद जवळ ठेव. आणि कुणी काही लिहून दिलेच, तर सही करण्याआधी नीट वाच.

‘काय लिहिलं पायजे मंग?’ त्याने विचारले.

‘कापला,’ मी म्हटले.